दीड मिलिमीटर

महर्षीनगर, पुणे
४ फेब्रुवारी २०२२

आनंदी,

अनेक आशीर्वाद. शब्दांना पैसे पडत नाहीत म्हणून अनेक, नाहीतर एकावर भागवलं असतं.

पत्र पाहून दचकली असशील. महर्षीनगरहून कोथरूडला पोस्टाला चार दिवस लागतात, चालत आलो असतो तर दीड तास. पण येऊन काय करणार? तुझ्या दारात पाटी धरून उभा राहणार? तुला कुठून तरी कळलं असेलच. गेल्या जूनमध्ये माझी स्वरपेटी काढली. गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो. कारण तंबाखू. उपदेश करू नकोस. तुझा दादा माझा जिवलग दोस्त, त्यानं तो जन्मभर केला आणि माझ्याआधी गेला.

तीस वर्षं मी स्वारगेटच्या एसटी स्थानकात कंट्रोलर होतो. माझ्या आवाजावर माणसं पिशव्या उचलून धावायची. आता रिक्षा थांबवायला टाळ्या वाजवाव्या लागतात. ते चालेल, माझ्यापुरतं मी जमवून घेतलं आहे.

प्रश्न सुशीलाचा आहे. साखरेनं तिचे डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. मी लिहितो ते तिला दिसत नाही. तनया घरी असली की माझी पाटी आईला वाचून दाखवते. पण लेकीच्या तोंडून बायकोशी माणूस बोलणार किती? भांडता तर मुळीच येत नाही, तनया दोन्हीकडची धार काढून टाकते. आणि ती ऑफिसला गेली की नऊ ते सात आम्ही दोघं एका खोलीत असतो. सुशीला मधूनच विचारते, "अहो, आहात ना?"

हॉस्पिटलात एक व्हॉल्व्ह दाखवला. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत भोक पाडून बसवतात. गळ्यावर बोट दाबलं की हवा त्यातून वर जाते आणि बोलता येतं. परदेशी आहे, पस्तीस हजारांचा, आणि सहा-आठ महिन्यांनी बदलायचा. एसटीची पेन्शन किती असते हे तुला माहीत नसेल तर तसंच राहू दे. डॉक्टर म्हणाले, असाच स्वस्तातला व्हॉल्व्ह पुण्यातच विद्यापीठात एका बाईंनी केलाय. नाव विचारलं, तर तुझं. तुझ्या टेबलाच्या खणात हा पडून आहे आणि मला कोणी सांगितलं नाही?

रंगूदादा


कोथरूड
११ फेब्रुवारी २०२२

रंगूदादा,

नमस्कार. एकच, पण वाकून.

ऑपरेशनचं कळलं होतं. फोन करायला गेले आणि लक्षात आलं की तू उचलून काय करणार. मग राहूनच गेलं. वाईट वागले.

खण नाही, कपाट आहे. त्यात सहा वर्षांचं काम आहे. दोन जणांची पीएचडी झाली, पाच शोधनिबंध छापून आले, पेटंटचा अर्ज झाला. व्हॉल्व्ह शेळ्यांमध्ये उत्तम चालतो. खर्च नगाला दोनशे ऐंशी रुपये.

पण प्रयोगशाळेत केलेली वस्तू माणसाच्या गळ्यात बसवता येत नाही, आणि येऊ नयेच. त्याला परवाना लागतो, निर्जंतुक खोली लागते, प्रत्येक नगाची नोंद लागते, आणि चुकलं तर ज्याची मान पकडायची असा कोणीतरी लागतो. विद्यापीठ पदव्या देतं, व्हॉल्व्ह विकू शकत नाही. चार मोठ्या कंपन्यांकडे मी स्वतः गेले. एकीनं चहा पाजला. सगळ्यांचं म्हणणं एकच: रोगी थोडे, त्यातले बरेचसे गरीब, चारशे रुपयांच्या वस्तूसाठी कारखाना कोण घालेल.

म्हणून आता विद्यापीठच कंपनी काढतंय. पेटंट विद्यापीठाचं, ते कंपनीला वापरायला द्यायचं, बदल्यात कंपनीत हिस्सा घ्यायचा. सुरुवातीला सरकारी अनुदान आहे. माझा विद्यार्थी सलिल नोकरी सोडून चालवायला आला आहे. नाव 'सुकंठ'. खरं सांगायचं तर सगळ्यांची कारणं एवढी सोज्वळ नाहीत. कोणत्या विद्यापीठानं किती कंपन्या काढल्या ते आता दर वर्षी मोजतात, आणि गेल्या वर्षी आमचा आकडा शून्य होता. कुलगुरूंना आकडा हवाय, मला व्हॉल्व्ह लोकांपर्यंत जायला हवाय. म्हटलं, जाऊ दे, वाट एकच आहे.

चाचणीच्या पहिल्या दहा माणसांत तुझं नाव घातलंय. त्याला पैसे पडणार नाहीत. नंतरही मी आहे तोवर किंमत पाचशेच्या वर जाऊ देणार नाही. वहिनींना सांग, थोडे महिने कळ काढा.

तुझी
आनंदी


महर्षीनगर
२० फेब्रुवारी २०२२

आनंदी,

तनयानं पत्र वाचून दाखवलं. सुशीला म्हणाली, "शेळ्या बोलायला लागल्या का, ते आधी विचारा."

कागद पाठव, सही करतो. फक्त एक शंका. विद्यापीठाचा हिस्सा, सरकारचं अनुदान, सलिलची मेहनत, तुझं डोकं. गाडी कोणाची ते आम्ही एसटीत कधी विचारलं नाही, चावी कोणाकडे ते विचारायचो. उद्या पैसेवाला कोणी आला आणि म्हणाला की ही गाडी या मार्गावर परवडत नाही, तर उतरायचं कोणी? तू म्हणतेस 'मी आहे तोवर'. तू किती वेळ आहेस ते कुठे लिहून घेतलंयस का?

उत्तराची घाई नाही. मला आता गप्प बसायची सवय झाली आहे.

रंगूदादा


महर्षीनगर
१५ डिसेंबर २०२२

आनंदी,

हे शेवटचं पत्र. यापुढे फोन करीन, तो उचल.

परवा व्हॉल्व्ह बसवला हे तुला ठाऊक आहे, तू बाहेर बाकावर बसली होतीस. काल घरी आलो. तनया कुलूप काढत होती. सुशीला आतून ओरडली, "कोण आलंय?" मी गळ्यावर बोट दाबलं आणि म्हणालो, "मी."

ती म्हणाली, "मी कोण?" आवाज पूर्वीचा नाही, घोगरा आहे, मडक्यात बोलल्यासारखा. म्हणून मग मी सगळं म्हटलं. फलाट क्रमांक चार, सातारा-कराडमार्गे कोल्हापूर, प्रवाशांनी रांगेत यावं. तशी ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली. मीही रडलो. रडताना बोट सुटतं, त्यामुळे माझा आवाज येत नव्हता, ते बरं झालं.

रात्री जेवताना आम्ही भांडलो. आमटीत मीठ कमी होतं. दीड वर्षानं भांडलो, आनंदी. तुझं भलं होवो.

रंगूदादा


महर्षीनगर
१८ नोव्हेंबर २०२४

आनंदी,

दोन वर्षांनी कागद काढला. तुला फोन अकरा वेळा केला, उचलला नाहीस. पत्र निदान दारातून आत तरी येतं.

व्हॉल्व्ह एप्रिलमध्ये बदलला होता, तो आता गळतो. चहा प्यालो की थेंब श्वासनलिकेत जातो आणि खोकला येतो. घोट घेताना मान डावीकडे वळवली तर कमी जातो, हा शोध माझा, पेटंट घेणार नाही. बोलताना हवा फुसफुसते. सुशीला विचारते, "तुम्ही बोलताय की कुकर?" तनया तर लग्न करून नागपूरला गेली, मधे वाचून दाखवणारं आता कोणी नाही.

सुकंठच्या नंबरवर एक मुलगी गोड बोलते. म्हणते, स्टॉक नाही. कधी येईल? कळवू. तिसऱ्यांदा तेच म्हणाली, तेव्हा मी कोथरूडला तुमच्या ऑफिसात गेलो. तिथे पाटी दुसरीच आहे, इंग्रजीत, काचेवर. आत पंधरा-वीस पोरं संगणकाला चिकटलेली. एकानं मला बसायला खुर्ची दिली. गळा दाखवला तर म्हणाला, "काका, आता आम्ही हार्डवेअर करत नाही."

म्हणजे काय, ते तू मराठीत सांग.

रंगूदादा


कोथरूड
२९ नोव्हेंबर २०२४

रंगूदादा,

फोन उचलला नाही, चुकलंच. काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

मराठीत सांगते. पहिली दोन वर्षं अनुदानावर चाललं. व्हॉल्व्ह उत्तम झाला, तीनशे चाळीस लोकांना बसवला, किंमत साडेचारशे. नगामागे साठ रुपये सुटत होते. त्यात निर्जंतुक खोलीचं विजेचं बिलही निघत नव्हतं. अनुदान संपलं तेव्हा सलिलनं बाहेरून गुंतवणूकदार आणले. दुसरा उपाय नव्हता, सहा महिन्यांचे पगार थकले होते. त्यांनी पैसे घातले आणि पाच संचालकांतले तीन त्यांचे झाले. मी एक, विद्यापीठाचा एक. त्यांनी हिशेब मांडला की व्हॉल्व्हमध्ये कधीच पैसा नाही, पण आवाजाच्या तपासणीचं ॲप केलं तर देशभर विकता येईल. मी विरोधात मत दिलं. विद्यापीठाच्या माणसानं बाजूनं दिलं, कारण कंपनी बुडाली असती तर आकड्यातून वजा झाली असती.

व्हॉल्व्हचं उत्पादन तात्पुरतं थांबवलं आहे. मी प्रयत्नात आहे. तोवर परदेशी व्हॉल्व्ह बसवून घे, पैसे मी देते, यावर वाद घालू नकोस. डॉक्टरांकडे नोंदवून ठेवते.

तुझी
आनंदी


महर्षीनगर
२३ डिसेंबर २०२४

आनंदी,

वाद घातला नाही, गेलो. तुझा पस्तीस हजारांचा व्हॉल्व्ह डॉक्टरांनी डबीतून काढला, माझ्या आतल्या भोकाशी धरून बघितला आणि परत डबीत ठेवला. बसत नाही. बाजारातले सगळे व्हॉल्व्ह जास्तीत जास्त साडेसात मिलिमीटरचे. तुझा नऊचा. माझं भोक तुझ्या मापाचं आहे. लहान घातला तर कडेनं गळणार आणि खाल्लेलं सगळं फुप्फुसात जाणार. मी विचारलं, भोक आपोआप आवळत नाही का? म्हणाले, एरवी आवळलं असतं, पण तुमचा गळा कॅन्सरच्या वेळच्या किरणांनी भाजलेला आहे, तो आता रबरासारखा राहिला नाही.

मग ते म्हणाले, "हे नऊचं माप कोणी ठरवलं? कशासाठी?" मी म्हटलं, प्राध्यापकबाई हुशार आहेत, काहीतरी कारण असेल. ते कारण मला हवं आहे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. ऑक्टोबरात पाच दिवस न्यूमोनियानं आत होतो. गळतीमुळे. सुशीलाला शेजारच्यांकडे ठेवलं होतं. डॉक्टर म्हणतात, व्हॉल्व्ह मिळत नसेल तर हा काढून आतलं भोक शिवून टाकू, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही घरी जाणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मुदत मागून घेतली आहे. तोवर बघ.

तनयानं मोबाईलवर बोलणारी बाई घालून दिली आहे. मी लिहायचं, ती बाई बोलणार. सुशीलानं दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "ती भवानी घरात नको. तुम्ही गप्प बसलेले चालेल."

रंगूदादा


कोथरूड
९ जानेवारी २०२५

रंगूदादा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

माझ्या मूळ आराखड्यात माप साडेसातच होतं. जगात सगळीकडे तेच आहे. पेटंटच्या वेळी विद्यापीठात असे अर्ज तपासणाऱ्या कक्षानं सांगितलं की यात नवीन फारसं काही दिसत नाही, अर्ज फेटाळला जाईल. आणि पेटंट नाही तर कंपनी नाही, कारण विद्यापीठानं कंपनीला द्यायचं काय? मग आम्ही बसून नवीन काय करता येईल ते शोधलं. बसवायची खोबण दीड मिलिमीटरनं मोठी केली आणि कडेला वेगळा घाट दिला. मोठा व्हॉल्व्ह तीन आठवडे जास्त टिकतो असं चाचण्यांत दिसलं. ते खरं आहे, पण ते नंतर दिसलं. मोठा केला तो पेटंटसाठी. कंपनी बंद पडली तर त्या मापाच्या भोकाचं काय होईल, हे त्या खोलीत कोणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. शेळ्यांचा गळा शिवता येतो, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

'तात्पुरतं' लिहिलं ते खोटं होतं. गुंतवणूकदारांनी विद्यापीठाच्या संमतीनं पेटंट सप्टेंबरातच विकलं. घेणारी कंपनी तीच, जी पस्तीस हजारांचा व्हॉल्व्ह विकते. ती आपला बनवणार नाही. कोणी बनवू नये म्हणूनच तिनं घेतलंय.

मी विद्यापीठाला अर्ज केला की चाचणीतल्या लोकांसाठी वर्षाला वीस व्हॉल्व्ह प्रयोगशाळेत करू द्या. दहापैकी चौघं गेले, सहा उरले आहेत, त्यांच्यापुरते तरी. दोन ओळींचं उत्तर आलं, हक्क दिलेले आहेत, करारभंग होईल. त्या करारावर विद्यापीठाकडून शोधकर्ती म्हणून माझीही सही आहे. साचे मागितले, ते भंगारात गेले. मी हातानं तीन करून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बसवायला नकार दिला. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला असता.

विद्यापीठाला हिश्श्याचे बेचाळीस लाख मिळाले. वार्षिक अहवालात आम्ही 'यशस्वी' या सदरात आहोत. नऊ कंपन्या काढल्या, त्यातल्या पाच नुसत्या पाटीपुरत्या आहेत, दोन बंद, एक चाललीय, आणि एकीचं पेटंट विकलं गेलं, ती सगळ्यात मोठं यश. गेल्या आठवड्यात माझा सत्कार झाला. शाल घेतली. तिथे उठून बोलायचं ठरवून गेले होते, बोलले नाही.

तू सुरुवातीलाच विचारलं होतंस की चावी कोणाकडे. तेव्हा मला ते कंट्रोलरचं बोलणं वाटलं, म्हणून उत्तर दिलं नाही. माझ्याकडे आता दुसरा उपाय नाही, दादा. फेब्रुवारीपर्यंत काही होणार नाही. त्यानंतरही नाही.

आनंदी


महर्षीनगर
१२ मार्च २०२५

आनंदी,

व्हॉल्व्ह काढला, भोक शिवलं. आता जेवण सुखानं जातं. तुझं पत्र आलं तेव्हा तुला माफ केलं असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. राग आहे असंही नाही. तू फसवलं नाहीस, तू स्वतःही फसलीस. पण गळा माझा होता, हे मला अजून गिळता येत नाही.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस हातात होते. म्हटलं, सुशीलाशी काय बोलायचं ते बोलून घेऊ. दुपारी बसायचो. पहिले दोन दिवस मी चुका कबूल केल्या. तिला त्यातल्या बऱ्याच माहीत होत्या. तिसऱ्या दिवशी विषय संपले. मग घरातली कोणती वस्तू कुठे आहे ते सांगितलं, गॅसची चिठ्ठी, रेशनकार्ड, तिच्या इन्सुलिनच्या सुया. ती म्हणाली, "हे काय गावाला चालल्यासारखं? रोजचं बोला की." पण रोजचं बोल म्हटलं की सुचत नाही. शेवटच्या दिवशी आम्ही लाईट बिलावर बोललो.

आता टेबलावर वाजवून चालतं. एकदा वाजवलं की हो, दोनदा नाही. किती वाजले, किती पोळ्या, तर तितक्या वेळा वाजवायचं. ती प्रश्न चांगले विचारते, कोर्टात वकील शोभली असती. पण आनंदी, यात एक गोम आहे. तिनं विचारलं तरच मला सांगता येतं. तिच्या मनात जे येत नाही ते तिला माझ्याकडून कधीच कळणार नाही.

परवा तपासणीला गेलो होतो. दोन्ही फुप्फुसांत डाग आहेत. हा न्यूमोनिया नाही, जुनंच परत आलंय. डॉक्टरांनी कागदावर सगळं लिहून दिलं. मला कान आहेत, बोलता येत नाही म्हणून लोक ऐकूही येत नाही असं धरून चालतात. आता करण्यासारखं काही नाही. घरी आलो. सुशीलानं विचारलं, "बरं आहे ना?" मी टेबलावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. ती म्हणाली, "रिक्षा मिळाली का लगेच?" मी एकदा वाजवलं. ते मला जमलं.

तनयाचे दिवस भरत आलेत, तिला इतक्यात सांगायचं नाही. शेजाऱ्यांच्या तोंडून नको. मोबाईलमधल्या बाईच्या तर मुळीच नको. म्हणून तुला बोलावतो आहे. २३ तारखेच्या रविवारी सकाळी दहाला ये, तेव्हा तिची साखर नीट असते. काय सांगायचं ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे, दोन पानं आहेत. घरून दोनदा मोठ्यानं वाचून ये, म्हणजे तिच्यासमोर अडखळणार नाहीस. तुझ्या मनाचं काही घालू नकोस, आणि व्हॉल्व्हचा विषय काढू नकोस. त्या दिवशी तो नको.

वाचून झाल्यावर ती विचारील, किती महिने. ते कागदावर लिहिलेलं नाही. तू सांगू नकोस, गप्प बस. तेवढं मी वाजवीन.

रंगूदादा